घरपट्टी जास्त आली? हरकत कशी घ्यायची: पहिल्या घराच्या मालकांसाठी

पहिलं घर घेतलेल्या माणसाला गृहकर्जाचा हप्ता तोंडपाठ असतो, सोसायटीचा मेंटेनन्सही. घरपट्टीचं गणित मात्र बिल हातात पडेपर्यंत कुणी विचारत नाही. मग बिल येतं, आकडा बघून पोटात गोळा येतो, आणि लेखी हरकत घ्यायची सोडून माणूस ओळखीचा नगरसेवक शोधायला लागतो. हरकतीची मुदत त्या शोधातच निघून जाते.

हे टाळण्यासाठी खालची माहिती लिहितो आहे. ती मुख्यतः महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 ज्यांना लागू आहे त्या शहरांसाठी आहे, म्हणजे पुणे, नाशिक, ठाणे वगैरे. मुंबईचा कायदा वेगळा, 1888 चा. नगरपरिषद आणि ग्रामपंचायतीचेही कायदे वेगळे. त्यांच्याबद्दल शेवटी थोडक्यात सांगतो.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. "बिल फार जास्त आहे, परवडत नाही" याला हरकत म्हणत नाहीत. अधिकाऱ्याला त्यावर काही करताच येत नाही. कराचे टक्के महापालिकेच्या सभागृहाने ठरवलेले असतात, ते तुमच्या एकट्यासाठी बदलत नाहीत. तुमच्या एकट्याच्या घराबद्दल महापालिकेने ठरवलेली गोष्ट एकच, ती म्हणजे करयोग्य मूल्य. हरकत त्यावर घ्यायची, आणि तीही त्या मूल्यातला नेमका कोणता आकडा चुकला आहे ते बोट ठेवून दाखवत.

करयोग्य मूल्य येतं कुठून

कायद्याचा विचार असा: हे घर दर साल भाड्याने द्यायचं ठरवलं तर वाजवी भाडं किती येईल? घर खरोखर भाड्याने दिलेलं असो वा नसो, ते भाडं गृहीत धरतात. त्यातून डागडुजीपोटी 10 टक्के वजा करतात. उरतं ते वार्षिक करयोग्य मूल्य.

उदाहरणाला सोपे आकडे घेऊ. घर 700 चौरस फूट, दर महिन्याला चौरस फुटाला 3 रुपये. 700 गुणिले 3 गुणिले 12 म्हणजे वर्षाचं भाडं 25,200 रुपये. त्यातून 10 टक्के म्हणजे 2,520 वजा केले की करयोग्य मूल्य 22,680 रुपये. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिस्सारण लाभ कर, वृक्ष कर, शिक्षण कर असे बिलावर ओळीने दिसणारे बहुतेक कर याच आकड्यावर टक्केवारीने लागतात. मुळातला हा आकडा चुकला की खालची प्रत्येक ओळ चुकते, आणि दर वर्षी चुकत राहते.

आता समजा, महापालिकेच्या दप्तरी तुमचं घर 700 ऐवजी 850 फूट लागलं. करयोग्य मूल्य होतं 27,540. फरक 4,860 रुपयांचा. हा फरक करातला नाही, मूल्यातला आहे. पण तुम्ही त्या घरात राहाल तितकी वर्षं तो तुमच्या मागे राहणार.

नोटीस आणि बिल यांतला फरक ओळखा

नव्या घराची पहिल्यांदा आकारणी झाली किंवा जुन्या घराचं मूल्य वाढवलं, तर महापालिकेने मालकाला किंवा भोगवटादाराला विशेष नोटीस द्यायची असते. ठरवलेलं मूल्य आणि त्यावर हरकत घ्यायची मुदत त्यात लिहिलेली असते. ही मुदत दिवसांत मोजायची, महिन्यांत नाही. नोटीस ज्या दिवशी हातात पडली ती तारीख तिच्यावरच पेनाने लिहून ठेवा आणि पाकीट फेकू नका.

नव्या इमारतीत एक घोळ नेहमी होतो. नोटीस बिल्डरच्या नावाने, बिल्डरच्या पत्त्यावर जाते, आणि तुम्हाला थेट बिलच दिसतं. म्हणून खरेदीखत झालं की लगेच मिळकतकराच्या दप्तरी नाव हस्तांतरणाचा अर्ज द्या. मालकी बदलल्याची सूचना दस्त झाल्यापासून तीन महिन्यांत देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. अनेकांना वाटतं, सोसायटीत नाव लागलं, वीजमीटर नावावर झाला, आता झालं सगळं. महापालिकेचं दप्तर यातलं काही आपणहून बघत नाही.

मुदत निघून गेलीच असेल तरी एक दार उघडं राहतं. चालू सरकारी वर्षात आकारणी पुस्तकातली चुकीची नोंद दुरुस्त करायचा अधिकार आयुक्तांना आहे (अनुसूची ड मधल्या कर नियमांपैकी नियम 20). अशा दुरुस्तीचा फायदा चालू वर्षाच्या सुरुवातीपासून मिळतो, मागच्या वर्षांचा नाही. म्हणून 31 मार्च उलटू देऊ नका.

माझ्या मामांच्या बाबतीत हेच झालं. तळमजल्याची खोली त्यांनी टायपिंग क्लासला दिली होती. क्लास बंद झाला, खोलीत आजी राहायला आली, पण दप्तरी खोली बिगरनिवासीच राहिली. आम्ही कुणी कळवलंच नाही. कित्येक वर्षं दुकानाच्या दराने घरपट्टी भरली. अर्ज दिल्यावर नोंद सुधारली, पण त्या वर्षापासूनच. आधीचे पैसे गेले ते गेले. मामा ही खंत शेवटपर्यंत बोलून दाखवायचे.

चूक शोधायची कुठे

लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे, म्हणून इथे जरा थांबू. आधी आकारणी पुस्तकातला तुमच्या मिळकतीचा उतारा मिळवा. मालक किंवा भोगवटादार म्हणून आपल्या मिळकतीची नोंद विनामूल्य पाहण्याचा आणि उतरवून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा, उत्तराची मुदत 30 दिवसांची. पण त्या अर्जावर विसंबून हरकतीची तारीख चुकवू नका. हरकत आधी, कागद मागाहून जोडता येतात.

उतारा हातात आला की पहिल्यांदा क्षेत्रफळ बघा. बहुतेक चुका इथेच सापडतात. बिल्डरने जाहिरातीत सांगितलेलं विक्रीयोग्य (सुपर बिल्ट-अप) क्षेत्र, करारातलं बांधीव (बिल्ट-अप) क्षेत्र आणि प्रत्यक्ष चटई (कार्पेट) क्षेत्र हे तीन निरनिराळे आकडे असतात. उताऱ्यात कोणतं क्षेत्र धरलं आहे हे विचारून घ्या आणि करारनामा व सूची क्रमांक 2 (दस्त नोंदणीचा उतारा, ज्याला इंडेक्स-2 म्हणतात) मधल्या आकड्याशी ताडून पाहा. करारात आकडा चौरस मीटरमध्ये असेल तर 10.764 ने गुणा. चौरस मीटरचे चौरस फूट करताना झालेली चूक ओळखायला हा गुणाकार पुरतो. बाल्कनी, गच्ची आणि वाहनतळ वेगळ्या ओळीत धरले आहेत की सगळं एकत्र करून खोलीच्या दराने लावलं आहे, तेही पाहा.

मग वापर. राहतं घर निवासी म्हणून नोंदलं आहे ना? याची एक सोपी खूण बिलातच असते. रोजगार हमी उपकर हा बिगरनिवासी मिळकतींवर लागतो. तुमच्या राहत्या घराच्या बिलात या उपकरापुढे रक्कम दिसली, तर दप्तरी घराचा काही भाग तरी बिगरनिवासी लागलेला आहे असं समजा. आमच्या मामांच्या प्रत्येक बिलात ही ओळ होती. ती वाचायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं.

तिसरी गोष्ट आकारणीची तारीख. भोगवटापत्र (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट) कधीचं, ताबा कधीचा आणि कर कधीपासून लावला आहे, या तीन तारखा एकाखाली एक लिहा. ताब्याआधीच्या काळाची थकबाकी तुमच्या माथी आली असेल तर ती आकारणी बरोबर आहे का, हा प्रश्न महापालिकेला विचारायचा. ती कुणी भरायची, हा प्रश्न करारनामा उघडून बिल्डरला. दोन्ही एकाच अर्जात कालवू नका.

दुबार आकारणीही नव्या इमारतींत सापडते. एकच सदनिका, एकदा बिल्डरच्या नावाने आणि एकदा तुमच्या नावाने, दोन वेगळ्या मिळकत क्रमांकांवर. एकाचा कर तुम्ही भरत राहता आणि दुसऱ्यावर थकबाकी साचत जाते. घर विकायच्या वेळी ती बाहेर येते.

नंतर सवलती. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर भाड्याच्या रकमेत 40 टक्के सवलत मिळते. 1970 पासून चालत आलेली ही सवलत मधल्या काळात काढून घेतली गेली आणि 2023 मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने पुन्हा मिळाली. वरच्या उदाहरणातल्या घराला ती लागली तर 25,200 चे 15,120 होतात आणि करयोग्य मूल्य 22,680 वरून 13,608 वर येतं. नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती आपोआप लागेल असं धरून चालू नका. त्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज, सोबत स्वतः राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पुण्यात हरकतीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी हे तपासावं. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं, पुढची लढाई लागतच नाही. माजी सैनिकांसाठी राज्याची करमाफीची योजना आहे, तुमच्या शहरात तिचा अर्ज कुठे करायचा तेही विचारा.

सगळ्यात शेवटी दर, म्हणजे चौरस फुटाला धरलेलं भाडं. दरावर हरकत घेता येते, पण ती टिकवणं अवघड असतं. "शेजारच्या बिल्डिंगला निम्मा कर आहे" हे वाक्य सुनावणीत रोज ऐकू येतं आणि बहुधा चालत नाही, कारण शेजारची इमारत जुनी असते आणि तिचा दर तिच्या पहिल्या आकारणीच्या वर्षाचा असतो. तुलना करायची तर त्याच भागातली, त्याच सुमाराला आकारणी झालेली, तशाच बांधणीची इमारत शोधा. आपल्याच सोसायटीतल्या सारख्या मापाच्या दोन सदनिकांची बिलं शेजारी ठेवणं हा त्याहून सोपा पुरावा. त्यात फरक दिसला तर उत्तर महापालिकेला द्यावं लागतं.

अर्ज करण्याआधी एक सावधगिरीचा शब्द. हरकत घेतली की मोजणीला माणूस येऊ शकतो. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल, गच्चीवर पत्र्याची शेड टाकली असेल, तर तेही मोजलं जाईल. अनधिकृत बांधकामाला याच कायद्यात कराच्या दुपटीपर्यंत शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे. आधी स्वतः टेप घेऊन घर मोजा, मगच ठरवा.

अर्ज असा लिहा

हरकत लेखी हवी, मुदतीत हवी, आणि कारण थोडक्यात पण पूर्ण लिहिलेलं हवं. एका पानापेक्षा मोठा अर्ज सहसा लागत नाही. नमुना देतो, त्यात तुमचे आकडे घाला:

"प्रति, मा. आयुक्त, ______ महानगरपालिका (करआकारणी व करसंकलन विभाग).
विषय: मिळकत क्रमांक ______ च्या करयोग्य मूल्यावर हरकत.
संदर्भ: आपली विशेष नोटीस क्र. ______ दि. ______, मला प्राप्त दि. ______.
महोदय, वरील मिळकतीचा मी मालक असून तेथे सहकुटुंब राहतो. नोटिशीत मिळकतीचे क्षेत्र 850 चौ. फूट धरले आहे. नोंदणीकृत करारनाम्यानुसार (पान क्र. __) चटई क्षेत्र 65.03 चौ. मी., म्हणजे 700 चौ. फूट आहे. क्षेत्र दुरुस्त करून करयोग्य मूल्य 27,540 रुपयांऐवजी 22,680 रुपये निश्चित करावे, ही विनंती. आवश्यक वाटल्यास माझ्या उपस्थितीत जागेची मोजणी करावी. मला सुनावणीची संधी द्यावी.
सोबत: नोटिशीची प्रत, करारनामा, सूची क्रमांक 2, मंजूर नकाशा, ताबापत्र."

यात चूक कुठे झाली, खरा आकडा कोणता, तो कोणत्या कागदावरून काढला आणि मूल्य किती करायचं, या चारही गोष्टी आल्या आहेत. चौथी गोष्ट लोक विसरतात. "योग्य तो न्याय द्यावा" असं लिहून मोकळे होतात. अधिकाऱ्याच्या हातात तुमचा हिशेब आयता मिळाला की त्याचंही काम हलकं होतं.

क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. "ठेवून जा, बघतो" याला पोच म्हणत नाहीत. ऑनलाइन तक्रार केलीत तर टोकन क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा आणि तरीही कागदी अर्ज द्या. नोटिशीवर तिच्या हरकतीसाठी वेगळा ऑनलाइन मार्ग दिला असेल तर तो वापरा. एरवी पोर्टलवरची सर्वसाधारण तक्रार हरकत म्हणून धरली जाईलच अशी खात्री नसते.

हरकत चालू असताना कर भरायचा का

भरायचा. माझं मत याबाबतीत ठाम आहे. हरकत दिल्याने बिल थांबत नाही. मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. जिंकलात तरी त्या शास्तीचा हिशेब सोडवत बसावं लागतं. शिवाय लवकर भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात जी सूट मिळते ती हातची जाते. भरताना सोबत दोन ओळींचं पत्र द्या: "हरकत क्र. ___ प्रलंबित असून माझा हक्क राखून ही रक्कम भरत आहे." त्याचीही पोच घ्या. मूल्य कमी झालं तर जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागता येते.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणीची तारीख लेखी कळवली जाते. स्वतः जा. आईवडिलांच्या नावावरचं घर असेल तर त्यांचं सहीचं अधिकारपत्र घ्या. परदेशात असाल तर मुखत्यारपत्र लागेल, ते तयार व्हायला वेळ लागतो, आधीच बघा. तुम्ही गेला नाहीत तर निर्णय तुमच्या गैरहजेरीत होऊ शकतो.

तिथे फार वेळ मिळत नाही, समोर तुमच्यासारखे अनेक जण बसलेले असतात. मूळ कागद आणि प्रतींचा एक संच, आणि वर एका कोऱ्या कागदावर दोन ओळी: महापालिकेचा आकडा आणि माझा आकडा. रस्त्यावरचे खड्डे, न येणारं पाणी, चार दिवस न उचललेला कचरा यांचा राग खरा असतो, पण करयोग्य मूल्याशी त्याचा संबंध नसतो आणि तो काढला की मिळालेली पाच मिनिटं त्यातच संपतात. तोंडी "करून देतो" म्हटलं तर नम्रपणे लेखी आदेश मागा. जागेची पाहणी ठरली तर पेठ निरीक्षक (पुण्यात त्यांना असं म्हणतात, इतरत्र करनिरीक्षक) येतील तेव्हा घरात हजर राहा आणि त्यांनी लिहिलेली मापं पाहून घ्या.

निर्णय पटला नाही तर

पुढे कलम 406 खाली न्यायालयात अपील आहे. पुण्यात ते लघुवाद न्यायालयात चालतं, इतर शहरांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. अटी कडक आहेत: 15 दिवसांत अपील, आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली आणि तिचा निकाल लागलेला असणं, आणि वादातली रक्कम महापालिकेत भरलेली असणं. हरकतच घेतली नसेल तर न्यायालयाचं दार उघडत नाही. वर पोच घ्या, पोच घ्या असं सांगतो आहे ते यासाठीच.

एका सदनिकेसाठी न्यायालयात जाणं खर्चाच्या हिशेबात बसेलच असं नाही. पण सगळ्या इमारतीच्या क्षेत्रफळात किंवा दरात चूक असेल तर सोसायटीने ठराव करून सगळ्यांनी मिळून वकील द्यावा. राष्ट्रीय लोकअदालतीत महापालिका कराची प्रकरणं घेतली जातात, तडजोडीला तयार असाल तर तोही रस्ता आहे.

मुंबई, नगरपरिषद, ग्रामपंचायत

मुंबईत 2010 पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर आहे. शीघ्रसिद्ध गणकातला (रेडी रेकनरचा) दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय आणि मजला यांच्या गुणाकारातून मूल्य येतं. तिथे यातला प्रत्येक गुणक तपासायचा, विशेषतः इमारतीचं वय. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून करमाफी असल्याने सीमेवरच्या घरांत पाच-दहा फुटांच्या चुकीलाही मोठी किंमत आहे. भांडवली मूल्याच्या नियमांपैकी 20, 21 आणि 22 हे नियम उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निकाल कायम केला. त्यामुळे नोटीस कोणत्या नियमाखाली आली आहे तेही वाचा.

नगरपरिषदेत दर चार वर्षांनी चतुर्थ वार्षिक आकारणी होते. आधी प्राथमिक यादी लागते, तिच्यावर हरकती मागवतात. ती यादी लागल्याची बातमी कानावर आली की त्याच आठवड्यात जाऊन आपली ओळ पाहा. ग्रामपंचायतीत नमुना 8 चा उतारा काढा. त्यात बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्र लिहिलेलं असतं, मातीच्या भिंतींचं घर पक्कं म्हणून लागलं असेल तर तिथेच कळतं. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे दाद मागता येते.

हरकत मान्य झाली की आदेशाची सहीशिक्क्याची प्रत घ्या, आणि पुढच्या एप्रिलचं बिल येईल तेव्हा ती शेजारी ठेवून करयोग्य मूल्याचा आकडा पुन्हा वाचा. आदेश फायलीत आणि जुना आकडा संगणकात, असं घडू शकतं. तसं दिसलं तर नवी हरकत नको, आदेशाची प्रत जोडून त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.